पी ०४२० कोड : कन्व्हर्टर बदलण्याआधी कोणतं साधन घ्यावं?

चौथागिअर :
मंडळी, पेट्रोल गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागलाय. ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (गाडीतले कोड मोबाइलवर वाचणारं स्वस्त यंत्र) लावून पाहिलं, पी ०४२० दाखवतो, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड. मेकॅनिक म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) गेला, बदला. गाडी छान पळते, ॲव्हरेजही पडलेलं नाही, त्यामुळे पटत नाही. खात्री करायला स्मोक मशीन (धूर सोडून गळती शोधणारं यंत्र) घेऊ का?

धूरकांडी :
घाई नको. आणि कोड पुसू नका! पुसला की फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड आला तेव्हाचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान सगळं गेलं. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, त्याही पुन्हा अपूर्ण दिसायला लागतात.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, काही कन्व्हर्टरच्या आत डोकावत नाही. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यातल्या मागच्यावरून अंदाज बांधतो, एवढंच. तोच आलेख तुम्हालाही दिसतो, मग बघा की. इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमला धरा. पुढचा सेन्सर साधा नॅरोबँड (मिश्रणात पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा) असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा नाचेल. मागचा ०.६-०.७ च्या आसपास संथ हवा. तोही पुढच्याच्या तालावर नाचत असेल, तर कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन साठत नाहीये आणि मेकॅनिक बहुधा बरोबर आहे. स्वस्त ईएलएम फार हळू वाचतो, म्हणून ॲपमध्ये या दोन सेन्सरचेच पीआयडी (वाचायचे आकडे) ठेवा, नाहीतर आलेख नुसत्या पायऱ्या दाखवेल.

सोबत लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय तो आकडा, लिहून घ्या. शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो.

सायलेन्सर :
इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या असं कोणीतरी सांगेलच. कन्व्हर्टरच्या आधीचं आणि नंतरचं तापमान मोजून निकाल लावायची पद्धत मला कधीच भरवशाची वाटली नाही. त्यापेक्षा थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी) गळतीची टिकटिक येते का ते ऐका. फुकट आहे.

चौथागिअर :
पुढचा नाचतोय. मागचा ०.६५ ला असतो, मधूनच ०.२ पर्यंत खाली जाऊन परत येतो. लाँग टर्म ट्रिम अधिक १२.

धूरकांडी :
म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतंय आणि ईसीयू वरून पेट्रोल ओततोय. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) किती आणि २५०० ला किती?

चौथागिअर :
आयडलला अधिक १४, २५०० ला अधिक ३. टिकटिक नाही आली.

धूरकांडी :
आरपीएम वाढल्यावर ट्रिम उतरतोय, म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. इंधन कमी पडत असतं तर उलट वरच्या लोडला ट्रिम चढला असता. आता स्मोक मशीन कामाचं, पण विकत नको, ज्या गॅरेजकडे असेल तिथे तपासून घ्या. इंजिन बंद ठेवून आधी इनटेकमध्ये धूर सोडायला सांगा : व्हॅक्यूमचे पाइप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. नंतर एक्झॉस्टमध्ये, कारण पुढच्या सेन्सरआधी बारीक चीर असली तरी एक्झॉस्टच्या दाबाच्या दोन झटक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडे असेच येतात. टिकटिक नाही म्हणून तो भाग सोडू नका. कन्व्हर्टरला तोवर हात लावू देऊ नका.