मदत हवी आहे: सेप्टिक टँक उपसला, चार दिवसांत परत भरला

वारणाकाठ: मंडळी, कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. पंधरा दिवसांपूर्वी अडीच हजार मोजून गाडी बोलावली, टँक उपसून घेतला. चार दिवसांत परत काठोकाठ. काल रात्रीपासून खालच्या संडासच्या भांड्यात बुडबुडे येऊन पाणी वर चढतंय. गौरी आठ दिवसांवर, बहिणी-भाचरं सगळी येणार. गाडीवाला म्हणतो परत उपसू, गवंडी म्हणतो नवा टँक बांधा. कुणाचं ऐकू?

मिरजकर_मामा: किती जणांचं घर? टँक केवढा? पुढं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा आहे की नाही? माती कसली? एवढं तरी लिहायचं बाळा.

वारणाकाठ: दुधगावच्या बाजूला, काळी माती. टँक 6 बाय 4, खोली 5 फूट. शोषखड्डा आहे, 2014 ला घराबरोबरच काढला. आजवर कधी त्रास नाही. माणसं पाच.

शेतकरी_गडी: गाडी-बिडी सोडा. शेण, गूळ, बेसन, गोमूत्र, मूठभर बांधाची माती, झालं जीवामृत. महिन्यातून एक बादली संडासात ओता. आमचा टँक नऊ वर्षं उपसलेला नाही.

गिलावा: भाऊ, नऊ वर्षं उपसला नाही म्हणजे टँक चांगला चाललाय असं नव्हे. जंतू मैल्यातच भरपूर असतात, वरून घालायची गरज नसते. ते मैला पचवतात, तरी तळाला गाळ उरतोच. तो वाढत गेला की पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रं बुजवतो. दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवा.

वारणाकाठ, तुझा मुद्दा वेगळा आहे. सेप्टिक टँक कायम भरलेलाच असतो. वर साय धरते, खाली गाळ बसतो, मधलं पाणी पुढं जातं. तुझ्या टँकात पाणी 4 फूट धरलं तर सुमारे 2700 लिटर. संडास, आंघोळ, कपडे सगळं त्यातच जात असेल आणि माणशी 100 लिटर धरलं, तर पाच जणांना पाच-सहा दिवस. तुझा चार दिवसांत भरला. पाणी आणखी कुठलं येतंय?

वारणाकाठ: वरच्या मजल्यावर उन्हाळ्यापासून भाडेकरू आहेत, चौघं. त्यांची न्हाणी आणि वॉशिंग मशीन पण त्याच पाईपला जोडलंय.

गिलावा: अरे मग हे आधी सांगायचं! नऊ माणसं, तीन दिवसांत 2700. टँक भरतो त्यात नवल नाही, पुढं पाणी मुरत नाही हे दुखणं आहे.

तासगावकर: शौचालयाला शासनाचे 12,000 मिळतात. ग्रामपंचायतीत अर्ज केलात का?

वारणाकाठ: दादा, संडास बांधून अकरा वर्षं झाली. तुंबलाय, त्याचं बोलतोय.

बुलेट_बाबा: इकडचा एक माणूस आहे, आत उतरून हातानं राड काढतो. हजार रुपयांत काम.

कोरेगावची_लेक: अजिबात नको! सुरक्षा साधनांशिवाय माणूस टँकात उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा राहू द्या, जीवाचं बघा. आत सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाक मरतं, वास येणंच थांबतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघंही जातात. झाकण काढून वाकून बघूसुद्धा नका, काडी पेटवू नका.

बुलेट_बाबा: आमच्याकडं सगळे असंच करतात.

कोरेगावची_लेक: म्हणूनच सांगतेय. सगळे करतात म्हणून आत हवा येत नाही.

मिरजकर_मामा: खड्ड्याला चहूबाजूंनी ऊसच असणार. पाट पाणी दिवसरात्र सोडायचं, जमीन पाणथळ, मग शोषणार काय? शेजाऱ्याला ठिबक करायला सांगा. आमच्या भागात क्षारपड झालं ते असंच.

शेतकरी_गडी: मामा, उसावर घसरू नका. ठिबकचा खर्च कोण देणार?

गिलावा: ऊस राहू द्या. वारणाकाठ, 2019 च्या महापुरात पाणी घरापर्यंत आलं होतं का?

वारणाकाठ: अंगणात कमरेइतकं. चार दिवस होतं. खड्ड्यावरची फरशी वाहून गेली होती, नंतर बसवली.

गिलावा: मग पुराचा गाळ खड्ड्यात बसलाय. आता असं कर. टँक आणि खड्ड्याच्या मधलं चेंबर उघड, लांबून. खड्ड्याकडून पाणी मागं येत असेल तर खड्डा मेला. टँकातून बाहेर जाणाऱ्या पाईपला टी (T आकाराचा जोड) आहे का तेही बघ, नसेल तर साय सरळ खड्ड्यात जाते. गौरीपर्यंत एकच उपाय: दोन्ही न्हाणी आणि मशीनचं पाणी टँकातून काढून परड्यात केळी-कर्दळीला सोड. टँकात फक्त संडास.

काळ्या मातीत परत खोल खड्डा काढू नको. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, खोल खड्डा त्यातच बुडतो. दोन-अडीच फूट खोल लांब चर काढ, तळाला खडी, वर छिद्राचा पाईप, त्यावर परत खडी. दोन चर काढलेस तर आलटून पालटून चालवता येतील, एकाला वाळायला वेळ मिळेल. पाऊस ओसरल्यावर. आड किंवा बोअर किती लांब आहे?

वारणाकाठ: आड पंधरा फुटांवर. पण प्यायला नळाचं पाणी.

कोरेगावची_लेक: पंधरा फूट फार जवळ. भांडी, चूळ, मुलांच्या आंघोळी कशावर होतात? पाणी तपासून घ्या, आणि चर आडापासून पन्नास-साठ फूट तरी लांब काढा.

वारणाकाठ: भांडी आडावरच घासतात. आजपासून बंद केलं.

चेंबर उघडलं. खड्ड्याकडून काळं पाणी उलट टँकात येत होतं, पाईपला टी नाहीच. न्हाणीचा पाईप दुपारी तोडून केळीकडं वळवला, वरच्या वहिनींना मशीन दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं. खालचं भांडं संध्याकाळी चार बोटं उतरलं. टी कुठल्या मापाची आणू? पाईप चार इंची आहे.

गिलावा: चार इंचीच. खालचं टोक पाण्यात फूटभर बुडू दे, वरचं तोंड उघडं ठेव. पण तू स्वतः आत उतरू नको, झाकणातून वाकूही नको; गाडी येईल तेव्हा त्यांच्या माणसाकडून बाहेरूनच बसवून घे.