थायलेरिया गायीच्या प्रतिकारशक्तीला सापडत का नाही?

गोदाकाठ, निफाड
एचएफ संकरित गाय, वजन ४०० किलोच्या आसपास, ताप १०६, खांद्यापुढची गाठ सुजलेली, कासेवर गोचीड. कानाच्या शिरेतल्या रक्ताची स्लाइड निगेटिव्ह. थायलेरिया हा गोचिडातून येणारा परजीवी रक्ताच्या पांढऱ्या पेशीतच शिरतो, तरी ती त्याला मारत का नाही? आणि स्लाइड निगेटिव्ह असताना बुपारव्हाक्वोन हे थायलेरियावरचे औषध द्यावे का?

पशुवैद्यक, सिन्नर
तांबड्या पेशींत थायलेरिया उशिरा येतो. ताप चढतो तेव्हा तो बहुधा लसिका गाठीतल्या पांढऱ्या पेशींत असतो. म्हणून सुजलेल्या गाठीत सुई घालून थेंबभर द्रव ओढा, पातळ स्मिअर करा, पूर्ण वाळवा, मिथेनॉलमध्ये ५ मिनिटे आणि १० टक्के जिम्सा रंगात ३० मिनिटे ठेवा. पांढऱ्या पेशीत जांभळट ठिपक्यांचे निळसर गोळे दिसले की ते शिझाँट (परजीवीचे पांढऱ्या पेशीत वाढणारे रूप), म्हणजेच कॉखचे निळे गोळे. स्मिअर जाड झाला तर काहीच ओळखू येत नाही.

मात्रा किलोला २.५ मिग्रॅ. मिलीत ५० मिग्रॅ असलेले औषध २० किलोला १ मिली, म्हणजे या गायीला २० मिली. मानेच्या स्नायूत, एका जागी १० मिलीहून जास्त नको. वजन कमी धरणे ही नेहमीची चूक. लक्षणे इतकी स्पष्ट असताना रिपोर्टसाठी दिवस घालवू नका. तांबड्या पेशी फुटू लागल्या की परजीवी मेला तरी गाय रक्तक्षयाने जाऊ शकते.

परजीवीशास्त्र
पेशीने गिळलेली वस्तू पडद्याच्या पिशवीत अडकते आणि लायसोसोम हा पेशीतला पाचकरसाचा साठा त्या पिशवीत रस ओततो. थायलेरिया आत शिरताच तो पडदा विरघळवून पेशीद्रवात मोकळा होतो, त्यामुळे रस ओतायला पिशवीच उरत नाही. लिश्मानिया या दुसऱ्या परजीवीची तऱ्हा उलटी, तो त्या आम्लधर्मी पिशवीतच तग धरून राहतो.

पुढचे जास्त विलक्षण आहे. थायलेरिया पेशीच्या सूक्ष्मनलिका (पेशी दुभंगताना तिचे भाग ओढणारे धागे) स्वतःभोवती ओढून घेतो आणि पेशी दुभंगताना तिच्याबरोबर वाटला जातो. वाढायला त्याला पेशीबाहेर पडावेच लागत नाही, म्हणून या टप्प्यात प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. एनएफ-कप्पा-बी हा पेशीला जगत राहण्याचा संदेश देणारा मार्ग तो सतत चालू ठेवतो. त्यामुळे पेशी आत्मनाश टाळते आणि कर्करोगाच्या पेशीसारखी वाढत जाते. गाठ सुजते ती यामुळे. बुपारव्हाक्वोनने परजीवी मेला की ही वाढ थांबते. शिवाय बाधित पेशी टी-पेशींना (बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) सरसकट चेतवतात, त्यामुळे नेमका हल्ला उभा राहत नाही.

गोदाकाठ, निफाड
बरी झाली की धोका संपला?

पशुवैद्यक, सिन्नर
नाही. तांबड्या पेशींत थोडे परजीवी उरतात आणि तिच्यावर पोसलेले गोचीड इतर गायींना रोग देतात. बाधित गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळग्रंथीत स्पोरोझॉइट, म्हणजे गायीला बाधणारे परजीवीचे रूप, पिकायला साधारण २-३ दिवस लागतात, म्हणून रोज तपासून काढलेला गोचीड बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. गोठ्याच्या भिंतीतल्या फटी लिंपून घ्या, ते तिथेच दडतात. उरलेल्या जनावरांसाठी क्षीण केलेल्या शिझाँटची जिवंत लस आहे. ती टी-पेशींना शिकवते. द्रव नायट्रोजनमधून काढल्यावर लगेच टोचावी लागते, आणि गाभण गायींना देऊ नका.