मदत हवी आहे: रॉजर विल्यम्सची पत्रं कुठे मिळतील?

मंडळी, आमच्या वाचन ग्रुपमध्ये मला अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स शहर वसवणाऱ्या रॉजर विल्यम्सवर बोलायचंय. सरकारने धर्मात पडू नये आणि नेटिव्ह (तिथल्या मूळ रहिवासी) लोकांची जमीन इंग्लंडच्या राजाने परस्पर वाटू नये असं तो उघड म्हणायचा म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतवाल्यांनी १६३५ मध्ये त्याला हद्दपार केलं, मग ऐन बर्फात बाहेर पडला, वाम्पानोआग या नेटिव्ह जमातीच्या लोकांनी आसरा दिला आणि १६३६ मध्ये नॅरगॅन्सेट या दुसऱ्या नेटिव्ह जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून गाव वसवलं. नॅरगॅन्सेट लोकांची भाषा शिकून तिच्यावर पुस्तकही छापलं, १६४३ मध्ये लंडनला. इथपर्यंत माणूस जाम आवडतो.

पण १६७६ मध्ये इंग्रज वसाहतवाले आणि नेटिव्ह लोकांच्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळलं आणि नंतर पकडलेल्या नेटिव्ह लोकांना वेठीला विकायचं ठरवणाऱ्या कमिटीत हाच! पाच वर्षांखालच्या पोरांनी तिशीपर्यंत राबायचं, असा हिशोब लावला होता. मला हे पचतच नाहीये, पण गाळायचंही नाहीये. त्या वर्षांतली त्याची पत्रं ऑनलाइन फुकट कुठे वाचता येतील? नॅरगॅन्सेट लोकांच्या बाजूने लिहिलेलं काही आहे का? आणि तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, प्रॉव्हिडन्सच्या त्याच्या नॅशनल मेमोरियलमध्ये या विक्रीबद्दल काही लावलंय का?