बुद्धीला चालना देणारे खेळ आणि कोड्यांचे सॉफ्टवेअर : गावच्या अभ्यासिकेसाठी सल्ला हवा

तापीकाठ (शिरपूर तालुका) :
नमस्कार मंडळी. आमच्या गावातील अभ्यासिकेला काही जुने संगणक देणगीदाखल मिळाले आहेत. तिथे तिसरी ते सातवीची मुले संध्याकाळी येतात. इंटरनेट म्हणाल तर कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटपुरतेच. एका कंपनीचे प्रतिनिधी स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवणारे खेळ वार्षिक वर्गणीवर देऊ करत आहेत, मात्र ती रक्कम पालकांकडून गोळा करावी लागेल आणि कापसाचे पैसे हाती येईपर्यंत कोणाला ते शक्य नाही. असे खेळ खरोखर उपयोगी पडतात का, आणि इंटरनेटविना चालणारे मोफत पर्याय आहेत का?

गणिताची शिक्षिका (जळगाव) :
भाऊ, वर्गणी भरण्यापूर्वी थोडे थांबावे, असा माझा आग्रह आहे. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,४३० प्रौढांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात त्यांची प्रगती झाली, पण सराव न केलेल्या, अगदी मिळत्याजुळत्या चाचण्यांतही त्याचा लाभ दिसला नाही. तो अभ्यास मुलांवरचा नव्हता, हे मान्य. तरीही ‘एकाग्रता वाढेल’ एवढ्या शब्दावर गावाचे पैसे देऊ नयेत. अमेरिकेत २०१६ मध्ये ‘ल्युमोसिटी’ नावाचे असेच खेळ विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात वीस लाख डॉलर भरावे लागले होते.

म्हणून मुलांना असे काही द्यावे, की ज्याचा सरावच मुळात उपयोगाचा आहे : अपूर्णांक, पाढे, तर्काने एकेक शक्यता बाद करणे. तिसरी-चौथीसाठी ‘जीकॉम्प्री’ हे मुक्त, म्हणजे मोफत वापरता येणारे सॉफ्टवेअर घ्यावे. २००० साली सुरू झालेल्या या संचात शंभराहून अधिक उपक्रम आहेत, तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो आणि एकदा पेन ड्राइव्हवर आणून बसवला की इंटरनेटची गरज उरत नाही. त्यातील टॅनग्राम, हनोईचा मनोरा आणि वजनकाटा हे चित्रांवर आधारलेले असल्याने भाषेची अडचण फारशी येत नाही.

मोठ्या मुलांसाठी सायमन टॅथम या प्रोग्रामरचा संगणकावरील कोड्यांचा मोफत संग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. आकाराने तो अगदी लहान आहे, जाहिराती नाहीत आणि प्रत्येक वेळी नवे कोडे तयार होत असल्याने शेजारच्याचे उत्तर उतरवण्याची सोय राहत नाही. त्यातील ‘कीन’ या कोड्यात चौकटी भरताना बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार चारही करावे लागतात. चार बाय चारच्या सोप्या पातळीपासून सुरुवात करावी.

गिरणेचे पाणी (चाळीसगाव) :
ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. एक भर घालतो. आमच्या पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांचा गणितावरील ग्रंथ ‘लीलावती’ तर कोड्यांनीच भरलेला आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांतील फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेतच घोटाळत राहिला. तर एकूण भुंगे किती? असा प्रश्न फळ्यावर मांडून मुलांना कागदावर सोडवू द्यावा आणि मग लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या तक्त्यात सूत्र लिहून ताळा करायला लावावा. उत्तर पंधरा येते. सातवीच्या मुलाला त्यातून समीकरण आणि तक्ता दोन्ही कळतात, आणि त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

तापीकाठ :
ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. प्रतिनिधींना नकार कळवतो. संगणक कमी आणि मुले जास्त असल्याने पाळ्या कशा लावाव्यात?

गणिताची शिक्षिका :
एका संगणकावर दोघांना बसवावे. माउस एकाच्या हाती असावा, पण पुढची खेळी दुसऱ्याने कारणासह सांगितल्याशिवाय त्याने ती करू नये. कोडे सुटले की जागा बदलावी. घड्याळ लावून गुण देणारे उपक्रम आरंभी टाळावेत, कारण घाईत मुले अंदाजाने कळ दाबू लागतात. भारनियमनाच्या वेळेसाठी ‘कीन’ची काही कोडी आधीच वहीत उतरवून ठेवावीत.