लोकअदालतीतली तडजोड: न्याय, की थकलेल्या माणसाची सही?

तिसवाडीकर (धागाकर्ता)

माझ्या आत्याचा खटला मध्यंतरी लोकअदालतीत मिटला. सोळा वर्षं चालला होता. घरातले सगळे सुटलो म्हणाले, पण मला काही ते पटत नाही.

आम्ही गोव्यातले. आत्या मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारी. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचं मातीचं घर. एका पावसाळ्याआधी तिने छप्पर दुरुस्तीला काढलं आणि भाटकाराने मनाईचा दावा लावला. तेव्हापासून घरावर निळी ताडपत्री, वारा लागू नये म्हणून तिच्यावर कडेने चिरे ठेवलेले. दर दोन वर्षांनी नवी ताडपत्री. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, जुनं रेशनकार्ड हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती तारखेला जायची. तारीख पडायची आणि ती परत यायची.

हे लांबतं कसं, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'मी मुंडकार आहे' असं प्रतिवादीने म्हटलं की १९७५ च्या मुंडकार कायद्याप्रमाणे तो प्रश्न दिवाणी न्यायालय ठरवत नाही, मामलेदाराकडे पाठवतं. इकडे दावा थांबतो. मामलेदाराकडे दाखले, निवडणुका, पूर, कायदा-सुव्यवस्था, सगळंच असतं. त्यातून वेळ मिळेल तेव्हा साक्षी. त्यांच्या निर्णयावर अपील, त्यापुढे प्रशासकीय न्यायाधिकरण. म्हातारं माणूस किती पायऱ्या चढेल?

शेवटी तिला सांगण्यात आलं, "बाई, अजून दहा वर्षं लागतील, १२० चौरस मीटर घ्या आणि मोकळ्या व्हा." तिने अंगठ्याला शाई लावून घेतली. लिहिता-वाचता येतं तिला, पण हात थरथरतो.

माझं म्हणणं एवढंच की, जी तडजोड माणूस केवळ तारखांना कंटाळून करतो तिला तडजोड म्हणू नये. हक्क सिद्ध करायला आलेल्या माणसाला आपण त्यातला थोडा भाग सोडायला लावतो आणि प्रलंबित खटल्यांतून एक आकडा कमी करतो.

म्हापशाचा वकील

तुमच्या आत्यांबद्दल वाईट वाटलं. पण एका खटल्यावरून लोकअदालतीला झोडपू नका. वीस वर्षं वकिली करतोय, जवळून पाहिलंय.

इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या खटल्याचं घ्या. आपल्याकडे आईबापांना मुलांचा हक्काचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, मुलगा-मुलगी समान, नवराबायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक. चांगला कायदा आहे. पण आजोबांच्या नावावरचं घर वाटायला घेतलं की तीस-तीस हिस्सेदार निघतात, त्यातले काही मुंबईला, काही लिस्बनला. प्रत्येकाला नोटीस. एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली लागते, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो घर घेतो. आईची शेवटपर्यंत सेवा केलेली मुलगी बाकीच्यांसारखीच आपल्या वाट्याचे पैसे घेऊन बाहेर पडते. निकाल कायद्याला धरूनच असतो, अपिलातही टिकतो. पण त्या घरातल्यांचं चतुर्थीला एकत्र बसणं कायमचं संपतं.

हीच भावंडं तडजोडीला बसली तर देवघर कुणाकडे, माडांचं उत्पन्न कुणाला, हे ठरवता येतं. न्यायाधीशाला निकालपत्रात ते लिहिता येत नाही. शिवाय कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला हुकूमनाम्याचीच ताकद असते. आणि कायद्यात सक्ती कुठेच नाही. तडजोड झाली नाही तर खटला परत जातो आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालतो. आत्यांना 'नाही' म्हणता आलं असतं.

तिसवाडीकर

वकीलसाहेब, भावंडांचं तुम्ही लिहिलंत ते मान्य. तिथे दोन्ही बाजू एका तोलाच्या असतात. भाटकार आणि मुंडकार तशा नसतात. भाटकार स्वतः तारखेला येतच नाही, त्याचा वकील येतो. आत्या उन्हात बस बदलून जाते. उशिराचा त्रास एकाच बाजूला होत असेल तर 'नाही' म्हणण्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. आणि अपील नाही, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. निवाडा अंतिम असतो. चुकलं तर रिट घेऊन पर्वरीला उच्च न्यायालयात जायचं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई जाणार?

निवृत्त शिरस्तेदार

दोघांचंही वाचलं. मी आयुष्य कोर्टाच्या कचेरीत घालवलंय, म्हणून थोडं.

दिवाणी कनिष्ठ न्यायाधीशाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मी स्वतः लावत असे. साठ-साठ प्रकरणं. त्यातल्या तीन साक्षी नीट झाल्या तरी दिवस संपला. उरलेल्यांना तारीख देण्याशिवाय गत्यंतर नसतं. युक्तिवाद पूर्ण झाला आणि न्यायाधीशांची बदली झाली तर नव्या साहेबांसमोर पुन्हा युक्तिवाद. लोकांना वाटतं कोर्टाला काळजी नाही. काळजी असते हो, माणसं नसतात. १९८७ साली विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असं सांगितलं, तेव्हा दहाच्या आसपास होते. आज कुठे वीस-एकवीसला पोचलोत.

तीनपेक्षा जास्त तहकुबी नकोत हा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. पण सर्वोच्च न्यायालयानेच २००५ साली म्हटलंय की माणसाच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तो आंधळेपणाने लावू नये. ते योग्यच आहे. मात्र त्या फटीतून रोज किती अर्ज आत शिरतात ते मी पाहिलंय. 'वकील दुसऱ्या कोर्टात आहेत' हे कारण मी किती वेळा लिहून घेतलं असेल, मोजदाद नाही. म्हणून दोष लोकअदालतीला न देता तहकुबी मागणाऱ्यांना द्या. वकीलसाहेबांनी राग मानू नये.

सत्तरीची (सत्तरी तालुका)

मला तिसवाडीकरांचं पटत नाही, आणि कारण वेगळंच आहे.

नवऱ्याच्या अपघाताच्या भरपाईचा दावा होता. साक्षीला उभी राहिले तेव्हा मी मराठीत सांगत होते, साहेब इंग्रजीत लिहून घ्यायला सांगत होते, टंकलेखन चाललं होतं. मी पाच वाक्यं बोलले की तिकडे एक ओळ व्हायची. नवरा कुठल्या वळणावर पडला ते मी सांगितलं, ते त्यात आलं की नाही मला आजपर्यंत ठाऊक नाही. आपल्या राज्यात १९८७ पासून कोकणी राजभाषा, मराठीलाही कायद्यात जागा, पण कोर्टात आपण मुकेच.

लोकअदालतीत पहिल्यांदा समोरच्या बाईंनी मला बसायला सांगितलं आणि कोकणीत विचारलं, "तुका कितें जाय?" (तुला काय हवं?) विमा कंपनीचा माणूसही तिथेच होता. तासाभरात आकडा ठरला. मागितला होता त्यापेक्षा कमी, पण मुलीच्या कॉलेजच्या फीच्या वेळेत हातात आला. तुम्ही याला थकलेल्या माणसाची सही म्हणता तेव्हा माझ्यासारखीला दुखतं. मी विचार करून सही केली होती.

तिसवाडीकर

ताई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं, माफ करा. शीर्षक सगळ्यांना लागू होईल असं लिहिलं, ती चूक माझी.

पण तुमच्याच लिहिण्यातून मला नेमकं काय खुपतं ते कळलं. तुम्हाला तुमच्या भाषेत विचारलं. आत्याच्या अटी इंग्रजीत टंकलेल्या होत्या आणि त्याच सकाळी समोर आल्या. तडजोडीचा मसुदा निदान पंधरा दिवस आधी मराठीत किंवा कोकणीत हातात द्या. आणि तडजोड नको असेल तर पुढची साक्ष अमुक तारखेला होणारच, हेही लिहून द्या. मग माणूस जे निवडेल ते त्याचं.

म्हापशाचा वकील

मसुद्याबद्दल पूर्ण सहमत. मी माझ्या अशिलांना घरी नेऊन वाचायला सांगतो, सगळे सांगत नाहीत हे खरं. तारखेची हमी मात्र कुठलंही कोर्ट देणार नाही, शिरस्तेदारकाकांनी कारण सांगितलंच आहे.

एक विचारतो. बाईमाणसाला तर उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन केला तरी वाट दाखवतात. आत्यांना कुणी सांगितलं नव्हतं का? आणि पंचायत हद्दीत घर असेल तर १२० मीटर फारच कमी वाटतात. नकाशा कुणी पाहिला?

तिसवाडीकर

नाही सांगितलं. मलाही माहीत नव्हतं, आज कळतंय.

नकाशा मी सहीनंतर पाहिला. मे महिन्यात ताडपत्री काढली, नवी कौलं चढवली, आत्या अंगणात खुर्ची टाकून दिवसभर बघत बसली होती. संध्याकाळी मोजणीचे खुंट ठोकले तेव्हा लक्षात आलं की विहीर त्या १२० मीटरांच्या बाहेर राहिली आहे. चार पावलांवर. ती अजून रोज सकाळी कळशी घेऊन जाते, अजून कुणी अडवलेलं नाही.