मनालीला जायचं ते नेमकं कशाला?

पायवाट (धागाकर्ता)

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'शिमला-कुलू-मनाली'चं पालुपद सुरू होतं. यंदा मी सरळ लिहिलं की मी येत नाही आणि माझं ऐकाल तर तुम्हीही जाऊ नका. त्यावरून बरंच वाजलं, म्हणून इथे मांडतोय.

मनाली साहसाचं गाव म्हणून विकलं जातं. पण आपली मंडळी तिथे काय करतात? जवळच्या सोलंग दरीच्या वाटेवर नंबर टाकलेल्या दुकानांत गाडी थांबते. आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने अजून ओलसर असलेला ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने चढवायचे, बर्फात ट्यूबवरून दोनदा घसरायचं, याकवर बसून फोटो. हिडिंबा मंदिराबाहेर अंगोरा ससा छातीशी धरून आणखी एक. मंदिर १५५३ सालचं, लाकडी, देवदारांच्या राईत उभं. पण मान वर करून ती उतरती छपरं बघतो कोण? रात्री टूरच्या महाराजांनी केलेली श्रीखंड-पुरी खाल्ली की दिवस सत्कारणी लागला.

ही गर्दी त्या दरीला झेपत नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांमुळे मनालीवरच्या रोहतांग खिंडीत रोज १२०० गाड्यांचीच मर्यादा आली, ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाला आणि लोंढा सरळ पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला जाऊन आदळला. डिसेंबर २०२४ मध्ये बर्फ पडला तेव्हा सोलंग ते बोगदा या पट्ट्यात गाड्यांची रांग अडकून पडली, पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने महामार्ग जागोजागी गिळला होता, तेही विसरलो आपण.

चालायला जाणार असाल तर जा. नसाल तर घरी बसा.

बंड्या_नाशिक

वा! म्हणजे ज्याचे गुडघे धड, त्याचाच हिमालय?

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तिने जन्मात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला तो तिथे, तुम्ही नावं ठेवताय त्याच ओव्हरकोटात. मनाली गावच २०५० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे आई हॉटेलच्या गॅलरीत चहा पीत बसली होती तीसुद्धा तुमच्या यच्चयावत गडकोटांपेक्षा वर. श्रीखंड-पुरीला हसू नका राव, मधुमेहाच्या माणसाला वेळेवर ओळखीचं जेवण मिळणं ही चैन नसते.

चहाबाज

ससा मात्र बंद करा. बाकी चालू द्या.

दोर_आणि_गाठ

दोघेही पर्यटकांबद्दलच भांडताय. मनालीत १९६१ पासून गिर्यारोहणाची संस्था आहे, आज तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्या कितीतरी पोरांनी पहिल्यांदा बर्फात पाय रोवला तो तिथल्या २६ दिवसांच्या बेसिक कोर्समध्ये. मीही त्यातलाच.

तिथे साहस वगैरे शब्द कोणी उच्चारत नाही. पहाटे पीटी, मग पाठीवर ओझं घेऊन चढ. खडकावरचे धडे झाले की बियास कुंडाच्या वाटेवर बकरथाचकडे मुक्काम हलतो. आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, हातात देऊन उतारावरून मुद्दाम घसरायला लावतात आणि स्वतःला थांबवायला शिकवतात. पहिल्यांदा पोटावर वळून ॲक्सचं टोक बर्फात दाबलं की तोंडात बर्फ, कॉलरमध्ये बर्फ, आणि वरून उस्ताद ओरडतोय, 'पाँव ऊपर!' कारण बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी काटे, बांधलेले असताना पाय खाली ठेवले की ते बर्फात अडकतात आणि माणूस कोलांटतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, अंगाला लागावं लागतं. 'अ' श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्स कोर्सचा दरवाजा उघडतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम शहाण्यासारखे वागतात.

पायवाटराव, 'चालायला जा' म्हणणं सोपं आहे. कुठलंही शिक्षण न घेता चार हजार मीटरवर चालायला निघालेल्या माणसापेक्षा याकवर बसलेली काकू जास्त सुरक्षित असते.

मीनल_ठाणे

सुरक्षिततेवर आलाच आहात तर पॅराग्लायडिंगचं बोला. डिसेंबर २०२२ मध्ये कुलूकडच्या डोभीला आपल्या सातारा जिल्ह्यातला तरुण गेला. हे खेळ पॅकेजमध्ये 'ॲक्टिव्हिटी' म्हणून नाश्ता आणि साइटसीइंगच्या ओळीत छापलेले असतात, म्हणून लोक तितक्याच सहज उडी मारतात.

आमच्या ग्रुपबरोबर आलेल्या टूर मॅनेजरला मी विचारलं, पायलटची नोंदणी कुठे बघायची? तो म्हणाला, मॅडम, रोज इतके लोक उडतात. एवढंच उत्तर! मग मी स्वतः जाऊन पायलटचं कार्ड मागितलं, रिझर्व्ह पॅराशूट आहे का विचारलं, मांड्यांचे पट्टे स्वतः ओढून बघितले. मागे रांगेतले आपलेच लोक 'चला हो ताई' करत होते. वारा वाढलाय असं पायलट म्हणाला तर पैसे बुडाले म्हणून त्याच्याशी हुज्जत घालणारेही आपलेच.

बंड्या_नाशिक

मीनलताई, हे शंभर टक्के पटलं.

पायवाट, तुम्हा चालणाऱ्यांच्या लाडक्या हम्प्ता पासचं, मनालीजवळच्या त्या खिंडीच्या ट्रेकचं काय? सीझनमध्ये वाटेतल्या बालू का घेराच्या मुक्कामाला तंबूंची कॉलनी उभी राहते. खेचरं, टॉयलेट टेंट, मोबाइलवर गाणी. ट्रेकर म्हटलं की तो निसर्गाचा जावई का?

पायवाट

जावई नाही. पण तिकडे निदान स्वतःच्या पायाने जावं लागतं, त्यामुळे संख्येला आपोआप लगाम बसतो. हम्प्त्याचा माथा सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. अलीकडे कुलूची हिरवी कुरणं आणि पलीकडे लाहौलमधल्या छत्रूकडे उतरायला लागलं की गवताचं पातं नाही, कारण पावसाळी ढग डोंगर ओलांडून फारसे जातच नाहीत. एका दिवसात दोन वेगळी हवामानं पायाखालून जातात. बोगद्यातून नऊ किलोमीटर काच लावून गेलात तरी पलीकडे तेच लाहौल दिसतं, मान्य. पण ते असं का आहे हे डोक्यात शिरत नाही.

बंड्या_नाशिक

आईच्या डोक्यात शिरलं होतं. 'बोगद्याच्या अलीकडे कोकण, पलीकडे माण-खटाव' असं म्हणाली ती.

चंदीगडवासी

मूळ सांगलीचा, बरीच वर्षं इकडे आहे, मनालीला कामानिमित्त जाणं होतं. एक गोष्ट खटकली. कोणी यावं आणि कोणी नाही, हे आपण पुण्या-ठाण्यात बसून ठरवतोय. ज्याने सफरचंदाची बाग गहाण टाकून चार खोल्या बांधल्या, त्याला विचारा.

आणि तिथले लोक स्वतःची मर्यादा स्वतः घालतातही. मनालीजवळ गोशाल नावाचं गाव आहे. आपण तिळगूळ वाटतो त्या संक्रांतीपासून ४२ दिवस गोशाल आणि आसपासची मिळून नऊ गावं आवाज बंद ठेवतात. देव स्वर्गात गेलेले असतात, त्यांना त्रास नको. टीव्ही नाही, मंदिरातली घंटा बांधून ठेवलेली, शेतात कुदळ मारायची नाही. पर्यटकांनाही हेच सांगितलं जातं. त्याच काळात थोड्या अंतरावर सोलंगला स्पीकर वाजत असतात, हे खरंय. पण रेष कुठे ओढायची ते त्यांना कळतं.

पायवाट

घंटा बांधणारं गाव आणि नदीकाठी, थेट पात्राला लागून हॉटेल बांधणारी माणसं, दोन्ही तिथलीच. मागणी आपली असते म्हणून तर ती बांधतात. मी माझ्याकडची मागणी कमी करतोय, इतकंच.

चंदीगडवासी

एकट्याने? शुभेच्छा!

मुक्ता_कोल्हापूर

वाद वाचला. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी मिळतेय, बरोबर आठवीतला मुलगा. राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग करायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. जावं का?

मीनल_ठाणे

नको. १५ जुलै ते १५ सप्टेंबर दोन्ही सरकारी आदेशाने बंद असतं. त्या दिवसांत कोणी 'करून देतो' म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. रस्ते खचण्याचेही तेच दिवस.

दोर_आणि_गाठ

सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात न्या. दसऱ्याला जोडलंत तर आणखी उत्तम, आपला दसरा संपतो त्या दिवशी कुलूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. मुलगा आठवीत आहे तर उडवण्याआधी त्याला चालवा. जुन्या मनालीतून निघून बियास कुंडाच्या बाजूला जाता येईल तितकं जा, दुपारी परत फिरा. आणि पोचल्याच्या दिवशी काही करू नका, फक्त सिड्डू (तिथली वाफवलेली, सारण भरलेली रोटी) खा, तूप जास्त घ्यायचं.