छोट्या मैफलींचा दौरा, तबल्याच्या बाजूने

एकांनी लिहिलंय की शे-पन्नास श्रोत्यांसाठी गाडी काढून गावोगाव फिरण्यात काही राम नाही. मला अजिबात पटत नाही. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघं, गायक, पेटीवाले काका आणि तबल्याला मी, कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी, मग कुडाळ आणि शेवटी म्हापसा, असं तीन रात्री वाजवून आलो. मानधनातून पेट्रोल आणि जेवणखाण सुटलं, वर थोडं उरलं. मुक्काम यजमानांकडेच.

खरी परीक्षा तबल्याची. देशावरच्या कोरड्या हवेत काळी एकच्या सुराला चोख लावलेली पुडी (तबल्याचं कातडं) आंबोलीचा घाट उतरल्यावर, कोकणच्या दमट हवेत सैल पडते. पेटीचा स्वर काही खाली येत नाही, त्यामुळे तबलाच चढवावा लागतो. चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडीने घरन् घर (कडेचा एकेक भाग) मिळवत अर्धा तास सहज जातो. नव्याने निघणाऱ्यांना कळकळीने सांगतो, तबला गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद डिकीतल्या उन्हाने पुडी ताणून फाटू शकते. मी तो मांडीशी घेऊन बसतो, आणि जास्तीचा एक तबला सोबत असतोच.

कुडाळला एका घराच्या पडवीत बैठक होती. माईक नव्हता. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात डाव्या हाताच्या डग्ग्याची घुमक शेवटच्या ओळीतल्या आजींपर्यंत पोचत होती, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांची मान हललेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. मोठ्या सभागृहात मला हे कधीच मिळालेलं नाही. पावसाळा सरला की पुन्हा निघतोय, या वेळी मालवणही धरून.